सुतळी, टेप आणि मग काटा : वाढलेल्या वजनावर उपचार सुरू करताना

गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की पडवीत पाय ठेवता ठेवता एक वाक्य ठरलेलं असतं : "काय गो, सुटलंस मगे!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण जिला ते ऐकावं लागतं ती पुढचे दिवस पदर पोटावर ओढून वावरते, आणि दवाखान्यात जायची वेळ आली की "तिथे वजन करायला लावतील" म्हणून टाळते.

माझ्या मावशीने असंच टाळलं. गुडघे दुखतात म्हणून ती एका दवाखान्यात गेली होती. "आधी खाणं कमी करा, मग या" एवढंच ऐकून ती परत आली. कुणी रक्त तपासलं नाही, कंबर मोजली नाही, ती दिवसभरात काय खाते तेही विचारलं नाही. पुढची दोन वर्षं ती कुठल्याच डॉक्टरकडे फिरकली नाही. शेवटी साखर सापडली ती पायाच्या बोटाची जखम महिनाभर भरेना म्हणून.

मी सिंधुदुर्गात आहारसल्ल्याचं काम करते. वजनासाठी आता काहीतरी करायला हवं असं ज्यांनी नुकतंच ठरवलं आहे, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गेल्या काही वर्षांत या दुखण्याकडे बघण्याची वैद्यकाची नजर बदलली, औषधं बदलली, सरकारी धोरणही हळूहळू बदलतं आहे. आपल्या वाडीपर्यंत त्यातलं बरंच पोचलेलं नाही.

पहिली पायरी : चूक कुणाची, हे शोधणं थांबवा

जागतिक आरोग्य संघटना लठ्ठपणाला दीर्घकालीन आजार मानते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने २०१३ मध्ये तसा ठराव केला. या शब्दाने मोठा फरक पडतो. बीपी वाढलं तर आपण माणसाला आळशी म्हणत नाही, गोळी चालू करतो आणि मीठ कमी करतो. वजनाच्या बाबतीत मात्र सगळा भार माणसाच्या मनोनिग्रहावर टाकायचा, ही आपली जुनी सवय.

शरीर वजन राखून ठेवायला बघतं. पाच-सात किलो उतरले की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात आणि बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जा कमी होते. म्हणून उतरलेलं वजन परत येतं. तसं होणाऱ्या बाईने काही पाप केलेलं नसतं. अनुवंशाचा वाटा मोठा आहे, झोपेचा आहे, काही औषधांचाही आहे. आणि आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती कोकणातल्या प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. जन्मतः हलकी असणारी आपली बाळंही हाडामांसाने बारीक आणि चरबीने मात्र भरलेली असतात, हे त्यातून पुढे आलं. हातपाय काटक आणि पोट तेवढं पुढे, असे किती तरी पुरुष आपल्या एसटी स्टँडवर दिसतात. त्यांना कुणी जाडा म्हणत नाही, तेही स्वतःला जाडे समजत नाहीत. धोका त्यांनाही आहे.

दुसरी पायरी : सुतळीने कंबर मोजा

म्हणूनच मी काट्याच्या आधी सुतळी हातात देते.

उंचीइतकी सुतळी कापा. अनवाणी उभं राहायचं, एक टोक टाचेखाली दाबायचं आणि दुसरं डोक्यावर पोचेल तिथे कापायचं. ती बरोबर मध्ये दुमडा. आता दुमडलेली सुतळी पोटाभोवती गुंडाळा. टोकं सहज जुळली तर ठीक. जुळायला बोटभर जरी कमी पडली तरी कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे तपासणीची वेळ झाली.

मग शिंप्याचा टेप घ्या. बायका इथे हमखास चुकतात, कारण त्या परकराच्या नाडीवरून मोजतात. नाडी कितीही सैल बांधली तरी तिथे वर्षानुवर्षांचा काळपट वळ पडलेला असतो आणि कातडी आत गेलेली असते, त्यामुळे माप कमी येतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा आणि दोहोंच्या मधोमध टेप लावा, कपड्यावरून नको. श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता आकडा वाचा. बाईची कंबर ८० सेंटिमीटर आणि पुरुषाची ९० सेंटिमीटर, ही आपली मर्यादा. पँटच्या कमरेचा नंबर सांगून चालत नाही, पोट सुटलेले पुरुष पँट पोटाखाली बांधतात.

हा टेप सरकारी धोरणातही आहे. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्यात आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा 'सीबॅक' नावाचा फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, हालचाल, घरातला मधुमेह आणि कंबर, या सगळ्यांना गुण असतात. बाईची कंबर ८१ ते ९० असेल तर १ गुण, ९० च्या वर गेली तर २. एकूण गुण ४ च्या वर गेले की उपकेंद्रात आधी बोलावतात. पुष्कळदा हा फॉर्म दारातच, उभ्याउभ्या, अंदाजाने भरला जातो. आशाताईंना घरात बोलवा, चहा द्या आणि खरोखर टेप लावायला सांगा.

तिसरी पायरी : काटा, आणि आपला तक्ता

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ६० किलो असेल तर आकडा येतो २६. फोनवर पाहिलेल्या परदेशी तक्त्यात ती 'थोडी जास्त वजनाची' ठरते, कारण तिथे लठ्ठपणा ३० पासून सुरू होतो. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तीच बाई आपल्या तक्त्यात लठ्ठ ठरते.

पण बीएमआय एकटा पुरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. भारतीय तज्ज्ञांनी नवी व्याख्या मांडली, आणि 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही आपली मांडणी जाहीर केली. दोन्हींचा रोख एकच : चरबी वाढली आहे पण अवयव ठीक चालले आहेत हा एक टप्पा, आणि चरबीमुळे साखर, बीपी, यकृत, सांधे, श्वास यांपैकी काही बिघडलं आहे हा दुसरा. पहिल्या टप्प्यात ताट, चालणं आणि नजर ठेवणं, दुसऱ्यात त्याच्या जोडीला उपचार. आपण कुठल्या टप्प्यात आहोत ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

चौथी पायरी : तपासणी

बीपी आणि साखर उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. त्यापुढे तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि यकृताची एसजीपीटी यांबद्दल डॉक्टरांना विचारा. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतावरही चरबी साठते, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने तो आजार वर सांगितलेल्या असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात घेतला. घरच्यांना विचारा की तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो का. पाळी चुकत असेल तर तेही संकोच न करता सांगा.

चालू औषधांची पिशवी सोबत न्या. इन्शुलिन, साखरेच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं आणि स्टिरॉइड यांनी वजन वाढतं. गुडघ्यावर रामबाण म्हणून मिळणारी, नाव-गाव नसलेली पुडी असेल तर ती आधी दाखवा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याचे प्रकार झाले आहेत. पण ती मनाने एकदम बंद करू नका, बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबवणं घातक असतं.

पाचवी पायरी : ताट

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

कोकणाचं जुनं जेवण वाईट नव्हतं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, आमटी, बांगडा किंवा पेडवे, रात्री पिठी-भात. पण ते खाणारा माणूस पहाटे चिखलात उतरायचा, सड्यावरून गवताचे भारे आणायचा, विहिरीचं पाणी ओढायचा. आता शेतं पडीक आहेत, पाणी नळाला आहे, नाक्यावर जायला दुचाकी आहे. भाताचा डोंगर मात्र ताटात तेवढाच राहिला, आणि वर चहाबरोबर बटर, खारी आली.

चहापासून सुरू करा. कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. दिवसाला चार कप, म्हणजे ४० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवण्याचा आहे. एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, टिकत नाही. आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्याभरात जीभ वळते.

मग तेल. आज घरात आलेल्या पाच लिटरच्या कॅनवर पेनाने तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. माणशी रोज २५ ग्रॅम धरलं तर चौघांच्या घरात तो कॅन दीड महिना पुरायला हवा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत तो तीन आठवड्यांत संपतो. पंतप्रधानांनी २०२५ च्या सुरुवातीला तेल दहा टक्क्यांनी कमी करायचं आवाहन केलं होतं. आपल्याकडे त्याचा अर्थ सोपा आहे, रव्यात घोळून तेलात तरंगवलेली तुकडी आठवड्यातून एकदा, बाकीचे दिवस तिखल्यात किंवा तव्यावर चमचाभर तेलात. मासा सोडायचा मुळीच नाही. बांगडा, तारली, पेडवे ही स्वस्त मासळी उत्तम प्रथिनं देते, आणि वजन उतरताना स्नायू वाचवायला प्रथिनं लागतातच. शाकाहारी घरात ते काम कुळीथ, मूग, चवळी आणि ताक करतात.

भात बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. भात सोडलेला मालवणी माणूस आठ दिवसांत परत भातावर येतो, तोही दुप्पट. ताट अर्धं भाजीने भरा, पाव मासा किंवा कडधान्य, पाव भात. जेवायला बसल्यावर भाजी आणि मासा आधी, भात मागाहून. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, अळू दारात उगवतं, त्याला पैसे पडत नाहीत. एका वेळेला भाताऐवजी नाचणीची भाकरी. नारळाचं वाटप एका भाजीत असेल तर दुसरी बिनवाटपाची. सोलकढी चालेल, पण वाटीभर, तांब्याभर नको. हापूस जेवणावर गोड म्हणून नको, मधल्या वेळेला एक.

उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचा कीस हे नेहमीच्या जेवणाहून जड पडतं. आणि उपाशी राहून वजन उतरवायला जाऊ नका, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येऊन पडाल.

ध्येय लहान ठेवा. ६० किलोच्या बाईने सहा महिन्यांत ३ किलो उतरवले, म्हणजे पाच टक्के, तरी साखर आणि बीपीत फरक दिसू लागतो. लग्नातल्या फोटोसारखं व्हायची गरज नाही.

सहावी पायरी : चालणं

आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. बायकांना अडचण वेळेची नसते. "खंय चाललंस?" या प्रश्नाची असते. दोघी-तिघी मिळून निघा, प्रश्न आपोआप थांबतो. पावसाळ्यात पाणंदीत पाय घसरतो, तेव्हा पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारा. गुडघे दुखत असतील तर आधी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव, दहा वेळा, दिवसातून दोनदा.

सातवी पायरी : इंजेक्शनबद्दल विचारायचं असेल तर

आठवड्यातून एकदा घ्यायच्या सुयांबद्दल आता गावागावांत विचारतात. आपलं आतडं जेवणानंतर एक संप्रेरक सोडतं, ते मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं. ही औषधं त्याची नक्कल करतात. टिर्झेपटाइड 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नावाने जून २०२५ मध्ये. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के, तर टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. याआधी कुठल्याच गोळीने असं केलं नव्हतं. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती, त्यापुढे देशी कंपन्यांना ते बनवायची मोकळीक.

हे औषध घेणं म्हणजे पळवाट नव्हे. बीपीच्या गोळीसारखंच ते आहे. पण घेण्याआधी हे पक्कं माहीत हवं :

बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत साखर, बीपीसारखा आजार, अशांसाठी ते आहे. लग्नाआधी चार किलो उतरवायला नाही. एमडी मेडिसिन किंवा संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणाकडूनही घेऊ नका.

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, जुलाब सुरुवातीला होतात, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटात असह्य दुखून पाठीत कळ गेली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. घरात थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल किंवा दिवस राहावेत अशी इच्छा असेल तर ही सुई चालत नाही.

बंद केलं की भूक परत येते. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलं. म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च परवडतो का हे न बघता दोन वर्षांचा हिशेब करा.

आणि आपल्याकडची खास अडचण, ती म्हणजे वीज. ही औषधं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. निसर्ग आणि तौक्ते वादळांत कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. फ्रिजबाहेर किती दिवस चालेल ते आपल्या ब्रँडच्या कागदावर छापलेलं असतं, ते मृगाआधीच वाचून ठेवा. मुंबईहून कोकण रेल्वेने कुणी औषध आणणार असेल तर ते थेट बर्फावर ठेवू नका, टॉवेलात गुंडाळा. एकदा गोठलेलं औषध परत वितळलं तरी वापरायचं नाही.

शस्त्रक्रिया आणि विमा

जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया मोठ्या वजनाच्या आणि बिघडलेल्या साखरेच्या माणसाला फार उपयोगी पडते. आरोग्य विम्याच्या नियमात ती बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत हृदयरोग, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल तरच बसते, तीही १८ वर्षांवरच्यांना. म्हणून बीएमआय, सहा महिने आहार-व्यायाम करून बघितल्याच्या नोंदी आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका फायलीत ठेवा. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, हे आधीच घरात बोलून घ्या.

घरच्यांसाठी

धोरणाच्या पातळीवर गोष्टी हलताहेत. पदार्थांतलं ट्रान्स फॅट २०२२ पासून दोन टक्क्यांच्या आत आणलं आहे, साखरेच्या फसफसत्या पेयांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, सीबीएसई शाळांत साखरेचे फलक लागताहेत. पण ज्या घरात एकीसाठी वेगळी भाकरी आणि बाकीच्यांसाठी वडे तळले जातात, तिथे ती एकटी पडते. ताट बदलायचं ते सगळ्यांचं. मुलांसमोर कुणाच्याही अंगावर बोलू नका, कौतुकानेही नको. "बारीक झालीस, छान दिसतेस" म्हटलं की तिच्या मनात पुढची भीती बसते. "जिना चढताना धाप लागते का आता?" असं विचारा.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

उंचीइतकी कापलेली सुतळी आणि टेपचा आकडा लिहिलेला कागद. तीन दिवसांच्या खाण्याची खरी नोंद, त्यात एक रविवार किंवा सणाचा दिवस असावा. औषधांची पिशवी. घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार आहे त्याची यादी. डॉक्टर तुमचं न ऐकता नुसते रागावले तर दुसरे डॉक्टर बघा, तपासणी सोडू नका. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर. कंबर महिन्यातून एकदा. रक्त तीन महिन्यांनी.

मावशीची सुतळी तिच्या देवघराच्या खणात असते. दर संकष्टीला ती काढून बघते. मागच्या खेपेला टोकं जुळली नव्हती, पण मधलं अंतर चार बोटांवरून दोन बोटांवर आलं होतं.